सव्वा महिना होत आला तरी अंगावरून जातंय? वारेचा तुकडा आणि दुर्बिणीची सफाई

बोरीकाठ

इथे बाळंतपणावर धागे पुष्कळ आहेत, पण डिंकाच्या लाडवात गूळ घालावा की साखर यावरच शंभर प्रतिसाद पडतात. मला जे झालं त्यावर शोधून एक ओळ सापडली नाही, म्हणून लिहितेय. मजकूर थोडा अघळपघळ होईल. बाळ मांडीवर आहे आणि एका हाताने टाइप करतेय.

दुसरं बाळंतपण, माहेरी, अमळनेर तालुक्यात. प्रसूती नॉर्मल. बाळ झालं, रडलं, सगळे खूश. वार (प्लॅसेंटा) मात्र पडेना. सिस्टरने पोट दाबलं, इंजेक्शन दिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे तीनदा बघितलं. शेवटी डॉक्टरांनी हात घालून काढली. ट्रेमध्ये उलटसुलट करून पाहिली आणि ‘पूर्ण आली’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी घरी.

पहिले दहा दिवस रीतीप्रमाणे गेले. लाल, मग तपकिरी, मग फिकट. एकोणिसाव्या दिवशी परत लालभडक. आई म्हणाली, ‘जाऊ दे माय, आंगमानी घाण जाई ऱ्हायनी.’ मलाही ते पटलं, कारण ऐकायला बरं वाटतं. दोन दिवस बंद, चार दिवस चालू. दूधही पहिल्या खेपेइतकं नव्हतं. मेथी, शेपा, खसखस, हाळीव सगळं झालं, बाळ मात्र तासातासाला रडायचं. दूध आणि अंगावरून जाणं यांचा काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी बाजेवरून उठले आणि लिंबाएवढी गाठ पडली. त्या रात्री आईने पहिल्यांदा ‘घाण’ हा शब्द वापरला नाही.

सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या वरच्या कोपऱ्यात वारेचा २७ मिलिमीटरचा तुकडा. ‘उद्या सकाळी उपाशी या, क्युरेटिंग करून टाकू’, म्हणजे पिशवी आतून खरवडायची, इतकं बोलून पुढच्या पेशंटला हाक गेली. नाशिकला एक नात्यातली नर्स आहे, तिला रात्री फोन केला. तिने एकच प्रश्न विचारला, ‘रक्त आत्ता धो धो चाललंय का?’ नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘मग एक दिवस थांब आणि दुर्बिणीतून काढणारं कुणी आहे का बघ. न बघता खरवडू नको.’

तिसऱ्या दिवशी जळगाव गाठलं. तिथे दुर्बिणीतून काढलं, आज बरोबर पाच आठवडे झाले. बाकी विचारा, जमेल तसं सांगते.

शिरपूरची_सून

ताई, तुमचा धागा वाचून धस्स झालं. माझी धाकटी बहीण साक्रीला माहेरी आहे, आज अडतिसावा दिवस. तिलाही असंच थांबून थांबून जातंय. घरात सगळे म्हणतात सव्वा महिना होऊ दे. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटाला भोकं पाडतात ना? ते ऐकूनच ती घाबरेल.

बोरीकाठ

नाही गं, पोटाला काहीच नाही. मलाही तेच वाटलं होतं, कारण आमच्या काकूचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं तेव्हा चार भोकं होती. ही दुर्बीण खालूनच, जिथून बाळ आलं त्याच वाटेने पिशवीत घालतात. टाका नाही, पट्टी नाही. सकाळी गेले, रात्री घरी होते.

केळीचा_घड

पुरुषांनी या धाग्यावर बोलावं की नाही माहीत नाही, तरी बोलतो. रावेरकडे आमच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यात गायीचा जार अडकला. गड्याने ओढायला हात घातला, तर पशुवैद्य ओरडलेच. म्हणाले, ओढून अर्धा तुटला तर आतला सडतो आणि गाय पुढे गाभण राहत नाही. त्यांनी औषध दिलं, वाट बघायला लावली. गायीला जे कळतं ते माणसाला का नाही, असं वाचताना वाटलं.

पांझरा

मी धुळे जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सव्वीस वर्षं प्रॅक्टिस. नाव नको.

केळीचा_घड, तुलना वाईट नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या. गायीचा जार बारा तास होईपर्यंत अडकला असं धरत नाहीत. बाईच्या बाबतीत आम्ही अर्धा तास धरतो, कारण तिचा रक्तस्राव तेवढ्यात जीव घेऊ शकतो. त्यामुळे वार पडत नाही आणि रक्त चाललंय, अशा वेळी हात घालून काढणं ही चूक नव्हे, ते करावंच लागतं. प्रश्न त्यानंतर आत राहिलेल्या तुकड्याचा आहे.

‘पूर्ण आली’ म्हणणारे डॉक्टर खोटं बोलले असं धरू नका. काही वारांना मुख्य चकतीपासून बाजूला एक छोटा सुटा खंड असतो, मधे फक्त रक्तवाहिन्या. चकती ट्रेमध्ये अखंड दिसते आणि तो खंड आतच राहतो. कधी वार एखाद्या ठिकाणी पिशवीच्या भिंतीत नेहमीपेक्षा खोल रुजलेली असते, विशेषतः आधी सिझर किंवा क्युरेटिंग झालेलं असेल तर. ती तेवढ्याच जागी तुटते.

दुधाबद्दल. वार आहे तोवर तिचं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन शरीराला सांगत असतं की बाळ अजून पोटात आहे. वार पडली की ते एकदम उतरतं आणि दूध भरून येतं. जिवंत तुकडा राहिला तर हा निरोप अर्धवट पोचतो. दूध उशिरा किंवा कमी येण्याची कारणं इतर पुष्कळ आहेत, पण दूध कमी आणि अंगावरून थांबून थांबून लाल जातंय, ही जोडी दिसली की मी सोनोग्राफी सांगतेच.

शिरपूरची_सून, लाल रंग आठवड्याभरात ओसरायला हवा. मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट पांढरं, आणि हे फिकट सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं. फिकट झाल्यावर परत लाल होणं, वास मारणं, ताप, ओटीपोटात दुखणं, यातलं काहीही असेल तर सव्वा महिन्याची वाट बघू नका. आणि तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, तर दुर्बीणबिर्बीण विसरा, १०८ बोलवा. तेव्हा जवळचं जे हॉस्पिटल रक्त थांबवू शकेल ते चांगलं. अशा वेळी सक्शनने पिशवी रिकामी करणारा डॉक्टर तुमचा जीव वाचवत असतो. शक्यतो सोनोग्राफी पोटावर ठेवून करतात, म्हणजे आत कुठे काय चाललंय ते निदान सावलीसारखं दिसतं.

भुसावळ_जंक्शन

बरेच महिने इथे फक्त वाचत होते. आज लिहिते.

माझं २०१६ साली. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात क्युरेटिंग. मग तुकडा राहिला म्हणून पुन्हा एकदा. त्यानंतर पाळी आलीच नाही. सगळे म्हणायचे, दूध पाजतेस ना, म्हणून नाही. बाळ दीड वर्षाचं झालं, दूध सुटलं, तरी नाही. दर महिन्याला पोट मात्र दुखायचं, तारखेला, घड्याळ लावल्यासारखं. पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या होत्या, अ‍ॅशरमन म्हणतात त्याला. त्या सोडवायला दुर्बिणीतून दोनदा ऑपरेशन झालं. पाळी आली, थोडी. दुसरं मूल नाही. सासरी अजून विचारतात.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, असं म्हणणार होते. पण आहे. त्यांनी चूक केली म्हणून नाही. दुसरा मार्ग असू शकतो हे वाक्य कुणीच बोललं नाही म्हणून.

बोरीकाठ

…

काय लिहू कळत नाही. तुझं लिहिणं वाचून माझ्या नात्यातल्या नर्सला आत्ता फोन केला, नुसतंच आभार मानायला.

पांझरा

भुसावळ_जंक्शन, लिहिलंत हे फार मोलाचं आहे.

इतरांसाठी समजावते. पिशवीच्या आतल्या अस्तराचा एक तळाचा थर असतो, त्यातूनच दर महिन्याला नवं अस्तर उगवतं. शेतातली वरची माती काढली तर पुन्हा पिकतं, खाली मुरमापर्यंत खरवडलं तर नाही, तसं. बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पिशवी मऊ असते आणि तो थर सहज खरवडला जातो. समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या पडल्या की त्या चिकटतात. जोसेफ अ‍ॅशरमन यांनी हे १९४८ मध्ये सविस्तर मांडलं, म्हणून त्यांचं नाव. म्हणजे पाऊणशे वर्षं आम्हाला हे माहीत आहे.

क्युरेटिंगची अडचण ही की हत्यार हातात असतं पण डोळे नसतात. तुकडा एका कोपऱ्यात आणि खरवडणं चहूकडे. कधी तुकडा तसाच राहतो आणि निरोगी भिंत मात्र सोलली जाते. दुर्बिणीत आधी तुकडा दिसतो, मग तेवढाच सुटा करता येतो. एक पद्धत म्हणजे तारेचा फास, पण वीज न लावता, नुसत्या कडेने हळूहळू सोलत काढायचं. दुसरी म्हणजे नळीच्या टोकाशी खिडकी आणि आत फिरणारं पातं, जे तुकडा कापत कापत ओढून घेतं. हे दुसरं यंत्र महाग, ते मोजक्याच ठिकाणी असतं. फास चांगल्या हातात असेल तर त्यानेही काम नीट होतं. चिकटण्याचा धोका शून्य होतो असं नाही, पण आतापर्यंतच्या पाहण्यांत तो आंधळ्या क्युरेटिंगपेक्षा कमी दिसला आहे, आणि अर्धवट राहून परत यावं लागणं तर फारच कमी.

तापीपार

सगळं मान्य, पण थोडं उलटंही बोलतो. हल्ली साध्या गोष्टीला दुर्बीण, लेसर, रोबो लावून बिल फुगवायची टूम आहे. आमच्या आयांची क्युरेटिंगं झाली, आम्ही तीन तीन भावंडं झालो. प्रत्येकीला ‘न बघता खरवडू नका’ म्हणून घाबरवलं तर चोपड्याच्या पुढच्या खेड्यातली बाई जाणार कुठे? खर्चाचं कुणी बोलत नाही.

बोरीकाठ

तापीपार, बोलते की. अमळनेरला क्युरेटिंगचा जो आकडा सांगितला होता त्याच्या तिपटीला थोडं कमी बिल झालं. भाड्याची गाडी वेगळी. नवऱ्याने कापसाच्या पट्टीतले पैसे उचलले, तोंड वाकडं न करता, हे नोंदवून ठेवते. महाग आहेच. पण भुसावळ_जंक्शनच्या दोन ऑपरेशनांचा हिशोब यात धरायचा की नाही?

पांझरा

तापीपार यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक तुकड्याला दुर्बीण लागतेच असं नाही. खरं तर प्रत्येक तुकड्याला काही करावं लागतंच असंही नाही. सोनोग्राफीत पिशवीत ‘काहीतरी’ दिसणं आणि वारेचा तुकडा असणं यात फरक आहे. नुसती रक्ताची गाठही तशीच दिसते. डॉपलर लावून त्या भागात रक्तप्रवाह आहे का बघतात. प्रवाह असेल तर तुकडा जिवंत, भिंतीला धरलेला. प्रवाह नसेल, बाई बरी असेल, ताप नसेल, तर दोन-तीन आठवडे थांबून परत बघणं हाही उपचारच आहे. कित्येकदा पाळीबरोबर निघून जातं. गोळ्यांनी पिशवी आकुंचन पावते, पण त्या लवकरच्या गर्भपातात जितक्या कामी येतात तितक्या पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर येत नाहीत, हा माझाही अनुभव.

खर्चाचं म्हणाल तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. स्त्रीरोग ओपीडीत सोनोग्राफीचा कागद दाखवून सरळ विचारा, ‘हिस्टेरोस्कोपीने होईल का, कधी होईल?’ पिशवीत खालून घालायच्या दुर्बिणीचा हा शब्द पाठ करून जा. नुसतं ‘दुर्बीण’ म्हटलं की कधी पोटाच्या दुर्बिणीच्या रांगेत उभं करतात.

सातपुडा_आशा

मी धडगावकडे आशा सेविका आहे. आमच्या भागात हा विषय असा की बाई बोलतच नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही घरी जातो. कागदावर बाळाचं वजन, बाळाचा ताप, बाळाची नाळ. आईला विचारायचं असतं, पण सासू समोर बसलेली असते. मी आता एक युक्ती करते. बाईला म्हणते चल, बाळाचे कपडे कुठे वाळत घातलेत दाखव. मागच्या बाजूला गेलो की दोरीवरचे कापडाचे तुकडे दिसतात. किती आहेत, डाग कुठल्या रंगाचे, त्यावरून कळतं.

गेल्या वर्षी अशीच एक सापडली, एकविसाव्या दिवशी. पाय पांढरे, नखं पांढरी. पाड्यापासून रस्त्यापर्यंत झोळीतून आणली. तिला दुर्बीण वगैरे काही नाही, आधी दोन बाटल्या रक्त आणि लगेच पिशवी साफ. जगली. डॉक्टर ताई म्हणतात ते बरोबर, तिथे तेच योग्य होतं.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपणानंतरच्या त्रासाचे उपचार, औषध, तपासणी, रक्त मोफत आहे. गाडीसाठी १०२. पैसे मागितले तर देऊ नका, आम्हाला सांगा.

आजी_पारोळा

कपड्याच्या दोरीची युक्ती आवडली, पोरी.

आमच्या वेळी सुईण वार हातात घेऊन दिव्याजवळ न्यायची, कडेकडेने बोट फिरवायची आणि मगच पुरायला द्यायची. ‘पुरी पडनी का?’ हे सासू सुईणीला तीनदा विचारायची. तीनदा. आता दवाखान्यात वार कुठे गेली घरच्यांना कळतसुद्धा नाही. सुईणीचं सगळं बरोबर होतं असं नाही, आमच्या आळीतल्या दोघी धनुर्वाताने गेल्या. पण तो प्रश्न चांगला होता.

शिरपूरची_सून

बोरीकाठ ताई, ऑपरेशनच्या दिवशी नक्की काय काय झालं ते सांगाल? बहिणीला वाचून दाखवायचंय.

बोरीकाठ

सांगते.

आधी लगेच केलं नाही. हिमोग्लोबिन साडेआठ होतं. लोहाचं इंजेक्शन, आठ दिवस अँटिबायोटिक, आणि ‘पिशवी अजून थोडी आटू दे’ म्हणून आठवा आठवडा पूर्ण होऊ दिला. मधल्या काळात जास्त जायला लागलं तर रात्रीही या, असं सांगून नंबर दिला होता. त्या नंबरानेच अर्धी भीती गेली.

आदल्या रात्री बारानंतर उपाशी. सकाळी बाळाला पाजलं, वाटीत थोडं काढून ठेवलं. बाहेर ऊन असं की हॉस्पिटलच्या पायरीवर चप्पल चिकटत होती, आणि आत ऑपरेशन थिएटरात मी कुडकुडतेय. भूल पूर्ण दिली, थोड्या वेळाची. जाग आली तेव्हा वाटलं अजून सुरूच झालं नाही. पंचवीस मिनिटं लागली म्हणे. ओटीपोटात पाळीसारखं दुखत होतं, बस. दुपारी पेज, संध्याकाळी बाळाला अंगावर घेतलं, भूल उतरून नीट जाग आल्यावर पाजायला हरकत नाही म्हणाले.

मग डॉक्टर मॅडमनी रेकॉर्डिंग दाखवलं. मला बघायचं नव्हतं, पण आई म्हणाली दाखवा. पिशवीत सलाइन सोडून ती फुगवतात, त्यामुळे सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. सगळीकडे फिकट गुलाबी, गुळगुळीत. आणि वर डाव्या कोपऱ्यात तो. परतीच्या पावसात सापडलेलं कापसाचं बोंड असतं ना, पिवळट-करडं, धागे सुटलेलं, अगदी तसा. त्याचे धागे पाण्यात हलत होते. तारेचा फास येतो, त्याच्या बुडाशी टेकतो, थोडासा सरकतो, थांबतो. परत. भिंतीला कुठे ओरखडा नाही. शेवटी तो अख्खा सुटला आणि पाण्यात गोल फिरला. आई म्हणाली, ‘एवढासा?’

तुकडा तपासणीला पाठवला, वारेचाच होता असा रिपोर्ट आला.

एक गोष्ट गमतीची. थिएटरात एक मावशी फक्त पाणी मोजायला होत्या, आत किती गेलं, बाहेर किती आलं. मी भुलीच्या आधी विचारलं, हे कशाला?

पांझरा

त्या मावशी फार महत्त्वाच्या. सलाइन दाबाने सोडतात, त्यातलं थोडं रक्तात शोषलं जातं. जास्त शोषलं गेलं तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं. धडधाकट बाईत सलाइनचा फरक अडीच लिटरवर गेला की थांबायचं, काम उरलं असेल तर नंतर पुन्हा. दुर्बिणीचा दुसरा धोका म्हणजे मऊ पिशवीला छिद्र पडणं, म्हणूनच तुम्हाला आठ आठवडे थांबवलं. कुठे करून घेणार असाल तर ‘पाणी कोण मोजतं?’ हे विचारा. डॉक्टर उत्तर देताना चिडले नाहीत तर जागा बरी आहे असं समजा.

आणि दोन महिन्यांनी पाळी सुरू झाल्यावर एकदा दाखवून या. पाळी आधीपेक्षा फारच कमी वाटली तर नक्की. पाजताय म्हणून उशीर झाला तर घाबरू नका, पण भुसावळ_जंक्शन यांनी सांगितलेलं तारखेचं दुखणं लक्षात ठेवा.

केळीचा_घड

दूध वाढलं का पण?

बोरीकाठ

वाढलं. सगळं ऑपरेशनमुळेच असं म्हणणार नाही, कारण त्याच आठवड्यात मी झोपायलाही लागले आणि बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायलाही लागले. पण आता वरचं दूध रात्री एकदाच.

शिरपूरची_सून

धागा वर काढतेय. बहिणीला चाळिसाव्या दिवशी घेऊन गेलो. सासूबाईंनी ‘दोन दिवस राहिलेत’ म्हणून तोंड केलं, पण आजी_पारोळा यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला तेव्हा गप्प बसल्या, आणि स्वतःच गाडीत येऊन बसल्या.

सोनोग्राफीत १४ मिलिमीटरचं काहीतरी. डॉपलर केलं, प्रवाह नाही. डॉक्टर म्हणाले गाठच असावी, ताप नाही, रक्त बरं आहे, तीन आठवड्यांनी परत बघू. जास्त गेलं तर लगेच या. मी ‘हिस्टेरोस्कोपी’ शब्द पाठ करून गेले होते, तो वापरायलाच मिळाला नाही.

पांझरा

तीन आठवड्यांनी इथे कळवा. तोवर लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नको म्हणावं तिला.

शिरपूरची_सून

आज कागद आला. पिशवी रिकामी. सासूबाई विचारतायत, त्या पारोळ्याच्या आजींचा पत्ता मिळेल का, त्यांना खापरावरची पुरणपोळी पाठवायची आहे.

आजी_पारोळा

पत्ता देत नसते मी. पोळी इथेच दाखव फोटोत.